टोपीच्या कडेखाली

स्टँटन क्रॉसिंग, नेब्रास्का
२ मे १९५०

अल्बिना,

परवापासून तुझ्या घरी जो उंच, लाजरा, दोघांचं जेवण एकटा जेवणारा पोरगा राहायला आला असेल, तो माझा आहे. वेंडल सोरेन्सन. माझा म्हणजे मी शोधलेला. बाप इथल्या डेअरीत कामाला. धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर खडूने चौकोन काढून हा त्यात बॉल फेकत बसायचा आणि मी शेजारच्या वजनकाट्यावर बसून नुसता आवाज ऐकायचो. बेसबॉलमध्ये अकरा वर्षं कॅचर म्हणून, बॅटरच्या मागे बसून, तो आवाज मी हातात झेललाय, त्यामुळे त्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही.

क्लबने त्याला सगळ्यात खालच्या डी वर्गात, तुमच्या गावच्या मिलर्स संघात टाकलाय. तुला ठाऊक आहे, क्लबसाठी होतकरू पोरं हुडकायची आणि त्याबद्दल फक्त एक ओळखपत्र खिशात मिरवायचं, हे माझं काम. मी आधी दिलेली तिन्ही पोरं पहिल्याच उन्हाळ्यात घरी परतली. क्लबच्या माणसाने या वेळी आडपडदा ठेवला नाही. वेंडलही परतला तर ओळखपत्र परत द्यायचं. वर चढला तर मात्र कायमची नोकरी, अख्खं नेब्रास्का माझं. जुलैच्या सुरुवातीला छाटणी आहे.

धावफलक मला क्रीडा साप्ताहिकातून आठवड्याने कळतो. पण त्या बारीक टाइपात पोरगा घाबरला की नाही हे छापत नाहीत. ते तू कळव. लहानपणी माझ्या मॅचला कुंपणावर बसून पंचांना तू ज्या शिव्या घालायचीस, त्या अजून माझ्या लक्षात आहेत. त्यामुळे तुझ्या नजरेवर माझा भरवसा आहे.

तुझा,
एमिल


कोपर फेरी, टेनेसी
१६ मे १९५०

एमिलदादा,

तुझा पोरगा गुणी आहे. स्वतःची ताटली विसळतो, रविवारी चर्चला जातो आणि मला टॅकेट मावशी म्हणतो. माझ्याकडे या उन्हाळ्यात मिलर्सचे पाच जण आहेत, त्यातल्या बाकी चौघांना ताटली विसळतात हेच माहीत नाही. तुझे दाजी गेल्यापासून घरात इतका आवाज पहिल्यांदाच आहे.

बॉलही झकास टाकतो. पण तू विचारलंस म्हणून गुरुवारचं खरं ते सांगते. हिल सिटीशी मॅच होती. त्यांच्या पिचरने, म्हणजे बॉल फेकणाऱ्याने, आमच्या डिक्सनला मुद्दाम बॉल मारला. दोन बरगड्या मोडल्या, मातीत गुडघ्यावर बसून ओकला बिचारा. पुढच्या डावात काय व्हायचं हे स्टँडमधल्या शेंगदाणेवाल्यालाही माहीत होतं. त्यांचा सगळ्यात मोठा बॅटर हार्लन लेडबेटर खेळायला आला. केंटकीच्या कोळशाच्या खाणीतला धिप्पाड मुलगा, हसताना सगळे दात दाखवतो. तोही मार खायच्या तयारीनेच उभा होता. आणि वेंडलने सरळ, मधोमध, सुंदर बॉल टाकला. लेडबेटरने तो कुंपणापलीकडे धाडला.

सकाळी वेंडलचा ओठ फाटलेला, एक डोळा बंद. न्हाणीघरात घसरलो म्हणाला. माणूस घसरून दोन्ही बाजूंनी कसा आपटतो ते मला काही उमगेना. मग डिक्सनने खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत आपल्याच संघातल्या पोरांनी तोंडावर टॉवेल टाकून वेंडलला धरलं आणि मोज्यांत साबणाच्या वड्या घालून बडवलं. मॅनेजर पिकेट दाराबाहेर सिगारेट ओढत उभा होता. नंतर वेंडलच्या खुंटीवर त्यांनी माझा एप्रन अडकवला. माझ्या स्वयंपाकघरातून चोरलेला.

मी शेकायला गरम पाणी दिलं तेव्हा त्याने मला एकच विचारलं, "मावशी, मी चांगला बॉल टाकला. त्याने तो मारला. यात मी लबाडी कुठं केली?" तू कॅचर होतास, तूच सांग.

अल्बिना


स्टँटन क्रॉसिंग
२१ मे १९५०

अल्बिना,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. लबाडी त्याने डिक्सनशी केली. आपला माणूस पाडला तर त्यांचा पाडायचा, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण बायबलपेक्षा जास्त पाळलं जातं. पिचरने हे केलं नाही तर त्याच्या संघातला प्रत्येक जण उद्या बॅट घेऊन उभा राहताना विचार करतो की मला मारलं तर माझ्यासाठी कोण आहे. म्हणून त्याला मार बसला, आणि मी त्या खोलीत असतो तर एक मोजा माझाही असता.

पिकेटने वर काय कळवलंय तेही मला समजलं. "हात सोन्याचा, कणा नाही." छाटणीच्या यादीत पहिलं नाव त्याचंच आहे.

पुढचं पान त्याच्यासाठी. त्याच्या हातात देऊ नकोस, घडी करून खिशात ठेवील. टेबलावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाच.

वेंडल, नीट ऐक. हिल सिटी तुमच्याकडे ३ जूनला परत येते. लेडबेटर आला की पहिलाच बॉल त्याला. बरगडीत नको. बरगडी सहा आठवड्यांत बरी होते आणि तो पुन्हा पुढे वाकून उभा राहतो. कानाच्या वर, टोपीच्या कडेखाली. आणि थेट डोक्यावर नेम धरू नकोस. समोरून येणारा बॉल माणसाला दिसतो आणि तो वाकून वाचतो. डोक्याच्या वीतभर मागे फेक. दचकलेला माणूस मागेच सरकतो, हे मी बॅटरच्या मागे बसून अकरा वर्षं पाहिलंय. तो स्वतःच बॉलच्या वाटेत येईल. पूर्ण ताकदीने. मग जन्मभर तुझ्यासमोर कोणी पाय रोवून उभा राहणार नाही, आणि वरच्या लीगपर्यंत रस्ता मोकळा.

एवढंच. वाचून झालं की पोरांना मांस वाढ. भूक लागेल.

एमिल


कोपर फेरी
३० मे १९५०

दादा,

वाचलं. तू सांगितलंस तसं, सगळ्यांसमोर. चौघांचे काटे हवेतच राहिले. वेंडलने ताटलीतून मान वर न करता पुन्हा वाचा म्हटलं, म्हणून पुन्हा वाचलं. मग त्याने विचारलं की एमिलकाकांनी स्वतः असं कधी करायला लावलं होतं का. मी म्हटलं, मला माहीत नाही.

त्यानंतर तो परसात गेला. माझ्या घेवड्याच्या वाफ्यात बुजगावणं आहे, तुझ्या दाजींचा कोट आणि भोपळ्याचं डोकं. साठ फुटांवरून तिसऱ्या बॉलला त्या भोपळ्याच्या ठिकऱ्या उडाल्या. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, डिक्सनने तर पट्टा बांधलेल्या छातीनिशी येऊन त्याची पाठ थोपटली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी त्याच्याशी बोललं. तो हसला. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

दादा, मला भीती वाटते. तुझे शब्द माझ्या तोंडून त्याच्या कानात गेलेत, ते मला परत काढता येत नाहीत, तुला येतील. हे पत्र शुक्रवारी तुला मिळेल. "बरगडीच पुरे" एवढी तार कर. शनिवारी मॅच सुरू होईपर्यंत आली तरी मी पळत जाऊन त्याच्या हातात देईन.

अल्बिना


स्टँटन क्रॉसिंग
९ जून १९५०

अल्बिना,

तुझं पत्र सोमवारी हातात पडलं, तोवर मॅच होऊन गेली होती. आणि झाली हे उत्तम झालं. साप्ताहिक माझ्यासमोर उघडं आहे. सोरेन्सन, नऊ डाव, अकरा जण बाद केले, फक्त एकाला चुकीच्या बॉलांवर फुकट जाऊ दिलं. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या टाइपात, "बॉल लागलेला बॅटर: लेडबेटर." ती एक ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

काल अड्ड्यावर सगळ्यांना माझ्याकडून बियर. डेअरीतून त्याच्या बापाला बोलावून आणला. तो बिचारा धावफलक वाचायला शिकलेला नाही, मी बोट ठेवून दाखवलं. पोरगा पुरुष झाला म्हणून त्याच्या ग्लासाला ग्लास लावला.

आता सविस्तर लिही. बॉल कुठे लागला? लेडबेटर पुढच्या मॅचला मागे सरकून उभा राहिला का?

एमिल


स्टँटन क्रॉसिंग
२० जून १९५०

अल्बिना,

अकरा दिवस झाले, ओळ नाही. आजारी आहेस का? वेंडलचं नाव दोन आठवडे धावफलकात दिसत नाही. हात दुखावला असेल तर मला कळायला हवं, क्लबचा माणूस रोज विचारतो. लेडबेटरचंही नाव नाही. घाबरून घरी पळाला वाटतं.

एमिल


कोपर फेरी
२८ जून १९५०

दादा,

तुला सविस्तर हवं होतं. घे.

पहिलाच बॉल होता. तू सांगितलास तसा, डोक्याच्या मागे. लेडबेटर दचकून मागे सरकला, अगदी तू सांगितलंस तसाच. डोक्यावर नुसती कापडी टोपी. आवाज स्टँडच्या शेवटच्या बाकापर्यंत आला, आणि बॉल उडून थेट वेंडलच्या पायाशी परत आला. लेडबेटर उभ्याचा आडवा झाला. टाचा मातीवर आपटत राहिल्या, बराच वेळ. कानातून रक्त आलं, मग नाकातून. आपला कॅचर उठला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मग हिल सिटीचे सगळे मैदानात उतरले, आपलेही. पंचाचे दात पडले. डिक्सनच्या त्याच बरगड्या पुन्हा मोडल्या. एकाने दुसऱ्याचा कान चावून तोडला, तो तुकडा नंतर मैदान झाडणाऱ्याला सापडला. आपल्या गावचे लोक कुंपण ओलांडून बाटल्या घेऊन धावले, त्यांत मी ज्याच्याकडून ब्रेड घेते तो बेकरही होता. वेंडल मात्र पिचरच्या मातीच्या उंचवट्यावरून उतरून सरळ लेडबेटरकडे चालत निघाला. त्यांच्या एकाने बॅट फिरवली, ती त्याच्या डाव्या खांद्यावर बसली. तो पडला, उठला आणि पुन्हा चालू लागला. शेवटी पोलिसांनी हवेत गोळी झाडली.

आणि मग, दादा, मॅच पुढे सुरू झाली. तू वाचलेले अकरातले नऊ जण त्यानंतर बाद झाले. कोणी बॅट नीट धरतच नव्हतं. फलंदाजीच्या जागेवर वाळू टाकून रक्त झाकलं होतं. तुझ्या त्या मुंगीएवढ्या ओळीत यातलं काही मावलं नाही.

लेडबेटर जिवंत आहे. डोक्याचं हाड कापून आतलं रक्त काढलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याची आई केंटकीहून आली, विधवा बाई, ओपल लेडबेटर. हॉस्पिटलजवळ खोली मिळते का म्हणून तिने स्टेशनवर विचारलं आणि लोकांनी तिला माझ्या दारात आणून सोडलं. मी नाही कशी म्हणणार? तिची पेटी वर कोणी नेली, सांग. दुखऱ्या खांद्याने वेंडलने नेली.

पोराचं नाव तिला माहीत आहे, पण बॉल त्यानेच टाकला हे नाही. विचारायचं धाडस तिला होत नाही आणि सांगायचं आम्हाला. तो रोज तिला हॉस्पिटलपर्यंत सोडतो, छत्री धरतो, जेवताना ब्रेडला लोणी लावून देतो. काल ती मला म्हणाली, तुमच्याकडच्या पोरांत हाच एक आईने नीट वाढवलेला आहे. तो समोरच बसला होता. उठून परसात गेला आणि त्याने डोकं नसलेलं ते बुजगावणं उपटून टाकलं.

पिकेटने त्याला तीन आठवडे बसवून ठेवलंय, गावात वातावरण तापलंय म्हणून. दादा, तू ये. तुझं पान मी वाचलं, तो तोंड मिटून बसलाय, आणि ती बाई आमच्या मध्ये बसून जेवते. हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही.

अल्बिना


स्टँटन क्रॉसिंग
४ जुलै १९५०

अल्बिना,

येऊ शकत नाही. गुडघे, काम, आणि खरं सांगायचं तर मी येऊन काय करणार?

वेंडलला वर बी वर्गात चढवलंय, तार तुझ्या पत्राच्या आधी आली. दोन पायऱ्या एका दमात. पिकेटने या वेळी कळवलं, "कणा आहे." १२ तारखेला त्याने निघायचं. तोवर त्याचं तोंड बंद ठेव. त्या बाईला सांगून तिचा मुलगा बरा होणार नाही, आणि पोरगा मात्र फुकट जाईल. अपघात होता म्हण. पंचांनीही तसंच लिहिलंय.

वेंडलने विचारलं होतं ना, मी कधी असं करायला लावलं का? लावलं. कॅचर अंगठ्याने खूण करतो, पिचर फेकतो. चाळीसेक वेळा मी ती खूण केली असेन. सगळे उठले. कोणी हसत उठला, कोणी रडत, पण उठले. मी खोटं सांगत नाही.

एक खोटं मात्र सांगितलंय. तुझं पत्र सोमवारी नाही, शुक्रवारी सकाळीच मिळालं. तारघर रस्त्यापलीकडे आहे. मी गेलो, फॉर्मवर तुझे दोन शब्द लिहिले, आणि फाडून टाकला. छाटणी डोळ्यांसमोर होती. त्याची आणि माझी. आता रात्री त्या फॉर्मचा कागद आठवतो. तुझ्यापासून लपवायचं नव्हतं म्हणून लिहिलं. तू ते कोणाला दाखवू नकोस.

एमिल


कोपर फेरी
१७ जुलै १९५०

दादा,

हार्लन लेडबेटर ९ तारखेला सकाळी गेला. तेवीस वर्षांचा होता.

त्याची आई हॉस्पिटलमधून आली, टेबलाशी बसली, मी कॉफी दिली. वेंडल तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तो बॉल मी टाकला होता."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने कॉफीचं भांडं उचलून त्याच्या तोंडावर मारलं. उकळती कॉफी होती. तो जागचा हलला नाही. ती मुठींनी मारत राहिली, छातीवर, गळ्यावर, तोंडावर, आणि तो हात मागे बांधून उभा होता. बाकीची पोरं धरायला गेली तर त्यानेच नको म्हटलं. दमून ती खाली बसली आणि तिने विचारलं की चुकून सुटला का. तो म्हणाला, नाही. डोक्याच्या मागे टाकला, कारण माणूस मागे सरकतो.

"हे तुला कोणी शिकवलं?" ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तू त्याला जेवढा ओळखलास त्यापेक्षा फार चांगला पोरगा होता तो. मीच उठले, कपाटातून तुझी पत्रं काढली आणि तिच्यासमोर ठेवली. सगळी. शेवटचंसुद्धा. तू नको म्हणाला होतास. मी लहान बहीण आहे, पण तुझी मोलकरीण नाही.

पुढचं ऐक. वेंडल तुझ्या बी वर्गात गेला नाही. तो तिच्याबरोबर शवपेटी घेऊन केंटकीला गेला, मी किती अडवलं तरी. पुरून झाल्यावर हार्लनच्या दोन भावांनी त्याला चर्चच्या मागे नेलं, उजवा हात दगडावर धरला आणि खाणीतल्या हातोड्याने ठेचला. एकदा नाही. तिने हे खिडकीतून पाहिलं. मी अडवू शकत होते, पण तिसऱ्या घावापर्यंत अडवलं नाही, असं तिने मला तोंडावर सांगितलं. मग तिनेच जाऊन त्याला उठवलं, स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालाने हात बांधला आणि डॉक्टरकडे नेलं. चार बोटं कापावी लागली. तो आता त्याच्या बापाकडे येतोय. रस्त्यात दिसला तर तोंड लपवू नकोस, तो तुला शिव्या देणार नाही. दिल्या असत्या तर तुला सोपं गेलं असतं.

मी तुझ्यावर सगळं ढकलत नाही. आवाज माझा होता. हे मी तिला सांगितलंय, आणि तिने मला काय म्हटलं ते माझ्यापाशी राहू दे.

काल ती हार्लनचं सामान न्यायला परत आली होती. रात्रभर तुझी पत्रं घेऊन बसली. सकाळी म्हणाली, बॉल टाकणारा हात मी पाहिला, वाचणारं तोंड पाहिलं, आता लिहिणारा माणूस बघायचाय. मी पत्ता दिला. बुधवारच्या बसचं तिकीट मीच काढून दिलं.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. ती शुक्रवारी दुपारी तुझ्या दारात असेल. हत्यार नाही, भाऊ बरोबर नाहीत. एक पन्नाशीची बाई, काळ्या कपड्यांत, हातात एक पान. ते तू वेंडलसाठी लिहिलेलं पान आहे. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, मोठ्याने, तिच्याकडे बघून. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, वाचायला गुडघे लागत नाहीत.

वाचून झालं की ती पुन्हा वाचायला सांगेल. पुन्हा वाच.

अल्बिना